विद्यापीठात बी.एस्सी.-एम.एस्सी. असा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आखताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की रसायनशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीवर तुम्हाला घेतलंय, आणि क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाचे तास मोजायच्या एककांची, वाटणी कशी करावी हे तुम्हाला हवंय. क्रेडिटचं सांगतेच. पण त्याआधी एक: तिसऱ्या वर्षाअखेरीस पदवी देणार नसाल तर हा अभ्यासक्रम सुरूच करू नका. 'विद्यार्थ्याने अर्ज केल्यास विचार केला जाईल' ही भाषाही नको. सहा सत्रं पास झाली की बी.एस्सी. हातात, न मागता.

हे मी एवढं ठासून का लिहितेय ते सांगते. मी ठाण्यात राहते आणि आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. नवं शैक्षणिक धोरण येण्याच्या आधी काही वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका संस्थेत होते. तिथे एकात्मिक एम.एस्सी. सुरू करायचं ठरलं. आमचे विभागप्रमुख सर विषयात पक्के, शिस्तीचे, आणि अभ्यासक्रम आखण्याची खरी आवड असलेले. दहा सत्रांचा तक्ता त्यांनी मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने आखला होता. कुठल्या सत्रात स्पेक्ट्रोस्कोपी, त्याआधी किती क्वांटम व्हायला हवं, हे सगळं बाणांनी जोडलेलं. तसा तक्ता मी नंतर कुठे पाहिला नाही. बैठकीत तो कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा मी सहाव्या आणि सातव्या सत्राच्या मध्ये पेन्सिलीने एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बी.एस्सी.?'

सरांनी तिथेच ती रेघ खोडली. म्हणाले, "मॅडम, दार ठेवलं की पोरं पळणार. चौथ्या वर्षाचा वर्ग रिकामा पडला तर कार्यभार कुठून दाखवायचा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या नियमांत, लिहिलं गेलं की पदवी पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळेल.

कार्यभाराची, म्हणजे शिक्षकांना दाखवाव्या लागणाऱ्या तासांची, काळजी खोटी नव्हती, हे मी तेव्हाही मानत होते. वर्गातली मुलं कमी झाली की आधी तासिका तत्त्वावरचे लोक घरी जातात, मग मंजूर पदांवर डोळा जातो. पण आपल्या पदांची हमी म्हणून अठरा वर्षांच्या मुलांना पाच वर्षं अडकवून ठेवणं मला पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

त्याच बॅचमध्ये दिघ्याची एक मुलगी होती. वडील रबाळे एमआयडीसीत मशीनवर. मुलगी हुशार, प्रॅक्टिकलला हात इतका स्वच्छ की तिच्या टायट्रेशनची तीन रीडिंग एकमेकांना चिकटून यायची. तिसरं वर्ष संपता संपता वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि घर तिच्यावर आलं. सहाही सत्रं पहिल्या वर्गात पास. तिला बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्यायची होती, पुढे एमपीएससी. दोन्हीकडे अट एकच, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिच्याकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सहा गुणपत्रिका होत्या. प्रत्येकीवर 'एकात्मिक एम.एस्सी. (पंचवार्षिक)', खाली सत्राचा आकडा, खाली उत्तीर्ण. मोबाईलवर तिने ऑनलाइन अर्ज उघडून दाखवला. पदवीचं नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, पुढे प्रमाणपत्र क्रमांक. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. "मॅडम, इथे काय लिहू?" असं तिने विचारलं. कागदोपत्री ती बारावी पासच होती.

आम्ही अर्ज केले, अ‍ॅकॅडमिक कौन्सिलपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासविषयक मंडळापर्यंत, विषय नेला. तीन वर्षांनंतर पदवी देण्याची तरतूद झाली, पण पुढच्या बॅचपासून. आधी प्रवेश घेतलेल्यांना ती लागू नव्हती. शेवटी तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, पुन्हा तीन वर्षं घालवून, नोकरी सांभाळून. रसायनशास्त्राची सहा सत्रं पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीने पदवीच्या कागदासाठी बी.ए. केलं. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो जाऊही नये असं मला वाटतं.

सरांशी माझा वाद पुढेही चालू राहिला. अलीकडे त्यांचं म्हणणं असं की आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट आली, विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट तिथल्या खात्यात सात वर्षं जपून राहतात, मग मुलांचं वाया काय जातं? वाया जातं ते हे, की नोकरीच्या अर्जात क्रेडिटचा रकाना नसतो, पदवीचा असतो. क्रेडिट बँकेचा उपयोग पुढे शिकायचं असेल त्याला. ज्याला उद्यापासून कमवायचंय त्याला प्रमाणपत्र लागतं.

आता तुमची वाटणी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर 2022 च्या चौकटीत तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट, ऑनर्सच्या चार वर्षांना 160, आणि 2024 च्या पदव्युत्तर चौकटीप्रमाणे त्यानंतरच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला 40. म्हणजे पाच वर्षांचे 200. आपल्याकडे राज्याच्या शासन निर्णयात सत्राला 20 ते 22 ची मुभा आहे. ती मुभा आहे म्हणून 22 भरू नका. दोन क्रेडिट वाढवली की वेळापत्रकात प्रॅक्टिकलची बॅच बसत नाही आणि मुलं संध्याकाळी उशिरा पनवेलच्या गाडीला लटकतात.

मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय-कौशल्याचा विषय) या तक्त्यातल्या उभ्या रांगा तुम्हाला पाठ असतीलच, त्यात शिरत नाही. फक्त मायनर हलक्यात घेऊ नका. मायनर विषयातही पदव्युत्तर शिक्षण घ्यायला नव्या चौकटीत वाट आहे. रसायनशास्त्राच्या मुलाला गणिताचं मायनर देऊन पहिल्या वर्षाचीच गणितं तीन वर्षं घोटवलीत तर ती वाट कागदावरच राहील.

खरं डोकं लागतं ते चौथ्या वर्षाला. ऑनर्सचं चौथं वर्ष आणि तीन वर्षांची बी.एस्सी. करून आलेल्याचं एम.एस्सी. भाग 1, दोन्ही पात्रता आराखड्यात, म्हणजे पदव्यांच्या पातळ्या ठरवणाऱ्या राष्ट्रीय चौकटीत, एकाच पातळीवर, 6.0 वर आहेत. माझं मत स्पष्ट आहे: दोघांना एकाच वर्गात, एकाच कोडचे पेपर द्या. वेगवेगळे अभ्यासक्रम केलेत तर प्रयोगशाळा दुप्पट लागेल, शिक्षक तेवढेच राहतील, आणि बाहेरून आलेला मुलगा पाचव्या वर्षात अनोळखी पेपरांसमोर उभा राहील. अडचण येते ती 'ऑनर्स विथ रिसर्च' घेणाऱ्यांची. त्यांना पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि चौथ्या वर्षात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. ती 12 क्रेडिट कुठल्या पेपरांच्या जागी बसतात हे आधी ठरवा, आणि ते पेपर पाचव्या वर्षात घेता येतील अशी सोय ठेवा. नाहीतर प्रकल्प उत्तम केलेला मुलगा ऑरगॅनिकचा एक मूळ पेपर न शिकता एम.एस्सी. होईल. आपल्या मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागलं, म्हणजे पहिली बॅच 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला बसेल. त्याच्या आत हे सुटायला हवं.

ओजेटीचं, म्हणजे कंपनीत जाऊन घ्यायच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं, एक सांगते, कारण आपल्या भागात कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि तरी हा भाग नीट होत नाही. 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. दिवसाला आठ तास धरले तर 15 दिवस. महापे-तुर्भ्याच्या कुठल्याही औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये (गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत) सेफ्टीचं प्रशिक्षण आणि एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) वाचून सह्या होईपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो. मुलाला एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, दुरून दिसतं. पाच वर्षं तुमच्या हातात आहेत, तर ओजेटी आणि प्रकल्प सलग जोडून उन्हाळ्यात एकाच कंपनीत घ्या. कंपन्यांना शनिवारी येणारा मुलगा नको असतो, दोन महिने रोज येणारा चालतो.

आणि मधल्या बॅचचं कलम. दिल्ली विद्यापीठाने 2013 मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला आणि जून 2014 मध्ये तो मागे घ्यावा लागला. पहिल्या बॅचला पुन्हा तीन वर्षांच्या चौकटीत बसवावं लागलं. अभ्यासक्रम बदलला किंवा बंद झाला तर शिकत असलेल्यांना काय मिळेल, हे पहिल्याच मसुद्यात लिहा. नंतर लिहिलेलं कलम पुढच्या बॅचला लागतं, हे मी वर सांगितलंच.

हे सगळं संलग्न महाविद्यालयं आणि राज्याच्या विद्यापीठांबद्दल. कालिन्याचं मूलभूत विज्ञान केंद्र किंवा आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) इथे मुलं राष्ट्रीय परीक्षा देऊन, संशोधनाचं ठरवूनच येतात. तिथलं गणित वेगळं. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला, जसा आपल्या बाळकुमच्या उपकेंद्रात चालतो, बार कौन्सिलचे नियम लागतात. अभियांत्रिकीतलं मला बोलायचा अधिकार नाही. शिवाय शासन निर्णय आणि विद्यापीठाची परिपत्रकं सारखी सुधारली जातात, तेव्हा माझे आकडे मसुद्यात घालण्याआधी ताज्या प्रतीशी ताडून घ्या.

तुमच्या समितीतही कुणीतरी म्हणेलच की दार ठेवलं तर पोरं जातील. त्यांना सांगा की काही जातीलच. कुणी घरच्या अडचणीने, कुणी दुसऱ्या विद्यापीठात, कुणी एमबीएला. त्यांना पदवी देऊन पाठवा. आणि राहिलेल्यांसाठी चौथ्या वर्षात असं काय ठेवलंय की ज्यासाठी थांबावं, ते त्याच बैठकीत तक्त्यावर लिहून मागा. ते लिहून मिळेपर्यंत मसुद्यावर सही करू नका.