वाचक विचारतात : एनसीसीची हवाई शाखा आणि वैमानिक होण्याची वाट

प्रश्न : माझी मुलगी पेडणे तालुक्यातील शाळेत आठवीत शिकते. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिने वैमानिक होण्याचा ध्यास घेतला आहे. तिच्या शाळेत एनसीसी आहे, परंतु ती भूदल शाखेची आहे. हवाई शाखा न मिळाल्यामुळे तिचे नुकसान होईल का? हवाई शाखेत मुलांना विमान चालवायला शिकवतात, हे खरे आहे का?
– एक पालक, पेडणे

उत्तर : नुकसान होईल अशी धास्ती बाळगू नये. एनसीसी १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि तिची हवाई शाखा १९५० मध्ये सुरू झाली. पण शाळेला जी शाखा मंजूर झालेली असते तीच विद्यार्थ्याच्या वाट्याला येते, त्यात निवडीला वाव नसतो. गोव्याच्या एनसीसीचा कारभार बेंगळुरू येथील कर्नाटक व गोवा संचालनालयाकडून चालतो. शालेय विभागातील दोन वर्षांत कवायत, नकाशावाचन, नेमबाजी आणि शिबिरातले सामुदायिक जीवन हा भाग बहुतांशी सारखाच असतो, त्यामुळे भूदल शाखेत या दोन वर्षांच्या अखेरीस मिळवलेले ‘ए’ प्रमाणपत्र वाया जात नाही. महाविद्यालयात हवाई शाखा मिळाल्यास तेव्हा तिकडे प्रवेश घेता येतो.

उड्डाणाविषयी मात्र बराच गैरसमज आहे. हवाई शाखेच्या छात्रांना मायक्रोलाइट नावाच्या दोन आसनी हलक्या विमानातून नेले जाते, शेजारी प्रशिक्षित वैमानिक असतो आणि छात्राला काही वेळ नियंत्रण हाताळूही दिले जाते. हे उड्डाण अल्पकाळाचे असते, आपल्या तुकडीची पाळी आली तरच मिळते आणि त्यातून कोणताही परवाना हाती पडत नाही. तरीही ते क्षुल्लक नाही, कारण आपल्याला उड्डाण सोसते का, हे त्या काही मिनिटांत जेवढे कळते तेवढे वर्षभराच्या व्याख्यानांतून कळत नाही.

आपल्या मुलीच्या बाबतीत शाखेपेक्षा मोठा निर्णय दहावीनंतर घ्यायचा आहे. अकरावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय तिने घेतलेच पाहिजेत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दलासाठी आणि नौदलासाठी हे विषय लागतात, हवाई दलाच्या उड्डाण शाखेतील पदवीनंतरच्या प्रवेशालाही लागतात आणि व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणालाही त्यांचीच अट आहे. गणित सोडून नंतर मुक्त विद्यालयातून ते पूर्ण करणारे विद्यार्थी आहेत, पण ज्या वयात हातात वेळ आहे त्या वयात तो वळसा कशासाठी घालावा? प्रबोधिनीची दारे २०२२ पासून मुलींनाही उघडली आहेत आणि तेथील प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस असल्यामुळे ही संधी बारावीच्या आसपासच साधावी लागते.

प्रश्न : मी फोंड्याचा असून पदवीसाठी पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे. तेथे एनसीसीची हवाई शाखा आहे. ‘सी’ प्रमाणपत्र मिळाले की हवाई दलात थेट भरती होते, असे शिबिरातल्या एका मित्राने सांगितले. ते कितपत खरे आहे?
– एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या मित्राने अर्धेच सांगितले. हवाई शाखेच्या वरिष्ठ म्हणजे महाविद्यालयीन विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या उमेदवारांसाठी हवाई दलाच्या उड्डाण शाखेत काही जागा राखीव असतात आणि त्यांना लेखी परीक्षेतून सूट मिळते. सूट तेवढीच आहे. पुढची निवड मंडळाची चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी सर्वांनाच पार करावी लागते. बारावीत गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान ५० टक्के, पदवीला किमान ६० टक्के आणि वय २० ते २४ वर्षे, या अटीही कायम राहतात.

‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळते. त्याआधी ‘बी’ उत्तीर्ण व्हावे लागते, कवायतीला ७५ टक्के हजेरी भरावी लागते आणि ठरलेली शिबिरे पूर्ण करावी लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव नोंदवले नाही तर तीन वर्षांच्या पदवीत हे गणित जुळणे अवघड होते. महाविद्यालय सुरू होताच एनसीसीच्या प्राध्यापकांना भेटा. नोंदणी शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच होते आणि जागा मर्यादित असतात.

निवड मंडळाची चाचणी सुमारे पाच दिवस चालते. हवाई दलाचे असे एक मंडळ म्हैसूरला आहे. पहिल्या दिवशीच्या चाळणीत पुष्कळ उमेदवार परत पाठवले जातात. उड्डाण शाखेसाठी संगणकावर वैमानिकाची कौशल्य चाचणीही होते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते, तीत अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा संधी नाही. म्हणून ‘सहज जाऊन बघू’ म्हणून अर्ज भरू नये. झोप पुरेशी झालेली नसताना तर मुळीच जाऊ नये.

तीन वर्षे एनसीसीत राहून मिळवण्यासारखे आणखी बरेच आहे. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिर, हवाई दलाच्या तळावरची संलग्नता, प्रजासत्ताक दिनाचे दिल्लीतील शिबिर या संधी निवडीने मिळतात. पण निवड होणारे बहुधा तेच, जे सकाळच्या कवायतीला न चुकता हजर असतात. गावी परतल्यावर गणवेशातले छायाचित्र दाखवण्यापुरते एनसीसीत येणाऱ्यांचीही संख्या कमी नसते. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलाला चष्मा आहे. त्याने ही वाट सोडून द्यावी का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : सोडू नये. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे दृष्टीचे निकष कडक आहेत आणि किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते, हे खरे. परंतु नागरी विमानवाहतुकीत चष्मा लावून वैमानिक होता येते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी आणि मगच प्रशिक्षण संस्थेत पैसे भरावेत. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील आमच्या शाळेत एनसीसी नाही. विमानांची आवड असलेल्या मुलांना आम्ही काय देऊ शकतो?
– एक शिक्षक, वाळपई

उत्तर : एनसीसीच्या महासंचालनालयाने प्रशिक्षणासाठी २०२० मध्ये मोबाइल अॅप काढले असून त्यात अभ्यासक्रम आणि चित्रफिती आहेत, त्या वर्गात दाखवता येतील. त्याहून अधिक लाभ मुलांच्या हातून विमान घडवून घेण्यात आहे. बाल्सा लाकडाची पट्टी, पातळ कागद आणि गोंद एवढ्यावर साधे ग्लायडर तयार होते. ते उडवण्यापूर्वी पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट धरून तोलून बघायला सांगा. बोटे पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर असताना विमान आडवे राहिले पाहिजे. शेपूट खाली गेली तर नाकाला थोडी माती चिकटवायची आणि पुन्हा तोलायचे. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे मुलांना त्या मातीच्या गोळीवरून कळते, कारण ती काढली की विमान वर उचलले जाऊन धाडकन आपटते. हवाई शाखेतही विमानाच्या प्रतिकृती बनवणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे, त्यामुळे ही मुले पुढे तेथे गेली तर बरोबरीच्यांहून पुढे असतील.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि दहावी उत्तीर्ण असलेल्या मुलांना मान्यताप्राप्त संस्थेतून ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्रही मिळवता येते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या कानावर घालून ठेवावे.

सहलीसाठी बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय निवडावे. तेथे कधीकाळी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेले सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॉक, आलिझे आणि दाबोळीच्या हंसा या नौदल तळावरून २०१६ पर्यंत उडत असलेली सी हॅरियर ही विमाने जवळून पाहता येतात. मुलांना नुसते फिरवून आणू नका. आलिझेचे पंख दुमडता का येतात आणि सी हॅरियरच्या बाजूंची नळकांडी खालच्या दिशेला का फिरतात, असे दोन प्रश्न आधीच वहीत लिहून द्या. संग्रहालय सोमवारी बंद असते.