आधार कार्डावरचं जहाज आणि पासपोर्टवरचं जहाज

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर मुंबई-गोवा क्रूझ दोनदा झाली, घरात सगळ्यांना आवडली. आता दिवाळीच्या सुट्टीत आई, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि बहिणीची नऊ वर्षांची मुलगी अशा सहा जणांना घेऊन सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीची चार रात्रींची क्रूझ करायचीय. भाडं जवळपास दुप्पट दिसतंय, तर त्यात एवढं वेगळं काय, हा तुमचा प्रश्न. पण शेवटी जाताजाता एक ओळ टाकलीय: "बुकिंगवाल्याकडे आमचे मागचे आधार आहेतच, त्यावरूनच करतोय." माझं सगळं लक्ष त्या ओळीवर गेलं. त्यामुळे उत्तर थोडं वाकड्या वाटेनं जाईल, सांभाळून घ्या. मी एजंट नाही आणि कुठल्या कंपनीचा माणूसही नाही. नियम बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

आधी जहाजांचं बोलून टाकतो. कॉर्डेलियाच्या ज्या एम्प्रेस जहाजावर तुम्ही दोनदा गेलात, ती मुळात रॉयल कॅरिबियनचीच. १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस या नावानं उतरवली, अमेरिकेतून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी. मधे एका स्पॅनिश कंपनीकडे गेली, परत आली, विकली गेली आणि २०२१ पासून कॉर्डेलियाकडे आहे. म्हणजे 'नवी' कंपनी तुमच्या 'जुन्या'चं माहेर. केबिन लहान आणि बाल्कन्या कमी का, याचंही उत्तर यातच आहे: तीन रात्रींसाठी कपाट लागतं किती? एम्प्रेस साधारण ४८ हजार टनांची, तर रॉयलची क्वांटम वर्गातली जहाजं १ लाख ६८ हजारांच्या घरात, लांबी जवळपास ३५० मीटर. तिथं पहिला दीड दिवस रस्ता शोधण्यात जातो. आईंचे गुडघे दुखत असतील तर केबिन लिफ्टजवळची आणि मधल्या भागातली मागा, हे बाल्कनीपेक्षा महत्त्वाचं. आतली बिनखिडकीची केबिन परवडत असेल तर क्वांटम वर्गात तिच्या भिंतीवर बाहेरचा समुद्र थेट दाखवणारा मोठा पडदा असतो, मुलं खूश होतात. आणि सहा जणांना तीन-तीनच्या दोन केबिन घेतल्या तर तिसरा पलंग बहुतेक वेळा वरून खाली येणारा, शिडीचा असतो. आईंच्या वाट्याला तो येणार नाही, हे आधीच ठरवा.

आता मूळ विषय. मुंबई-गोवा देशातल्या देशात. आधार दाखवलं, फोटो जुळला, आत. नावात एखादं अक्षर इकडेतिकडे असलं तरी तिथं सहसा कोणी अडवत नाही. ही सवयच घात करते. सिंगापूरच्या बंदरावर तुमच्या पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली ज्या दोन ओळी असतात, बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या, त्या यंत्र वाचतं. त्यात आधी आडनाव, मग दोन खुणा, मग नाव, मग एक खूण, मग मधलं नाव. विमान, व्हिसा आणि जहाज या तिन्ही ठिकाणी हेच लागतं. बुकिंग वेगळ्या नावानं असेल तर काउंटरवरचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात फार काही नसतं.

आपल्याकडे घोळ होतो तो तीन पदरी नावानं. पासपोर्टात रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. सुनीता अनिल पाटील या बाईंचं बरोबर रूप म्हणजे आडनाव पाटील, दिलेलं नाव सुनीता अनिल. बुकिंगवाला घाईत पहिल्या रकान्यात सुनीता आणि दुसऱ्यात अनिल पाटील टाकतो. तिथून पुढं अॅपमधलं चेक-इन पासपोर्ट स्कॅन करताना अडतं. दुसरा प्रकार स्पेलिंगचा: आधारवर सुनीता दोन 'ई'नं, पासपोर्टात एका 'आय'नं. भोसलेत मधला 'ए' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. तिसरा सगळ्यात महागडा: लग्नाआधी काढलेला पासपोर्ट माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या. पासपोर्ट चालू असेल तर माहेरच्या नावानं प्रवास करायला काहीच हरकत नाही, फक्त सगळं बुकिंग त्याच नावानं हवं. चौथा प्रकार जुन्या पासपोर्टांचा, ज्यात आडनावाचा रकाना कोरा आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात. बुकिंगच्या फॉर्मला आडनाव सक्तीचं असतं. मग विमानवाला एक करतो, जहाजवाला दुसरं, आणि दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

आमच्याकडे तिसरा प्रकार झाला. आपल्याच शहरातल्या एका बुकिंग ऑफिसनं (नाव घेत नाही) जुन्या फायलीतल्या आधारवरून नाव भरलं. लक्षात आलं ते शेवटचा हप्ता भरून झाल्यावर. ऑफिसचं उत्तर: "होऊन जातंय ओ, जहाजावर कोण एवढं बघतंय." नंतर आठवडाभर "मेल टाकलाय". शेवटी कळलं, एखादं अक्षर सुधारणं वेगळं आणि अख्खं आडनाव बदलणं वेगळं. दुसऱ्याला कंपनी माणूस बदलला असं धरू शकते, म्हणजे रद्द करा आणि त्या दिवशीच्या भावानं नवं घ्या. एका माणसाचं भाडं जवळजवळ दुसऱ्यांदा भरलं. जहाजाच्या कंपनीचा यात दोष नव्हता, त्यांना जे पाठवलं गेलं ते त्यांनी छापलं. आणि एवढं होऊनही ऑफिसनं सर्व्हिस चार्ज सोडला नाही तो नाहीच. 

म्हणून क्रम असा ठेवा. सहाही पासपोर्टांच्या फोटोच्या पानाचे स्वच्छ स्कॅन द्या आणि लेखी सांगा की जुन्या फायलीतलं काही वापरू नका. बुकिंग झालं की ऑफिसच्या लेटरहेडवरची पावती घेऊन गप्प बसू नका. कंपनीचं स्वतःचं कन्फर्मेशन मागा, बुकिंग नंबरसकट. तो नंबर कंपनीच्या अॅपमध्ये टाकून नावं तिथं उघडून बघा. घरातल्या दुसऱ्या माणसाला पासपोर्ट हातात देऊन एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावा, जन्मतारखेसकट. हे सगळं शेवटच्या हप्त्याच्या तारखेआधी. ती साधारण अडीच-तीन महिने आधीची असते, नेमकी तारीख कन्फर्मेशनवर छापलेली असते. ती उलटली की रद्द करण्याचा दंड पायरीपायरीनं चढतो. नावं जुळल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका आणि व्हिसाही टाकू नका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेली हवी. मोठ्यांचं लक्षात राहतं, मुलांचं नाही: नऊ वर्षांच्या पोरीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तिसरीत काढलेला आहे की बालवाडीत ते बघा. नूतनीकरणाला साधी फी मोठ्यांना १५०० रुपये, मुलांना १०००, तत्काळला वर २०००. अपॉइंटमेंट आणि पोलीस पडताळणी धरून दोन महिने हाताशी ठेवा, घर बदललं असेल तर जास्तच.

भाचीचे आई-बाबा येणार नाहीत, तर दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागेल, तुमचं नाव, जहाज आणि तारखा टाकून, आणि वैद्यकीय उपचाराला परवानगीही त्यातच. जन्मदाखल्याची प्रत जोडा. गोव्याला हे कुणी मागितलं नसेल.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचं वेगळं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चकचकीत कागद नको. हातात आल्यावर त्यावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे का ते वाचा. कारण जहाज मलेशियातल्या पेनांगला किंवा थायलंडमधल्या फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा. त्यांचं ऑनलाइन अरायव्हल कार्डही त्याच कारणानं दोनदा भरावं लागतं, प्रत्येक प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. मलेशिया आणि थायलंडचे नियम आपल्यासाठी अलीकडे बरेच सैल झाले, पण दोघांचीही आपापली डिजिटल कार्डं आहेत. निघण्याच्या महिनाभर आधी परत तपासा.

खर्चाचं: भाड्याशी भाडं लावू नका. रॉयलवर टिप वेगळी, साध्या केबिनला माणशी दर दिवशी साडेअठरा अमेरिकी डॉलर असा दर मला माहीत आहे, आणि ती मुलांनाही लागते. सहा जण, चार रात्री: ४४४ डॉलर. त्यावर बंदराचे कर, विमान, व्हिसा, आदल्या रात्रीचं हॉटेल. भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये मिळतो. पण ज्याचं रिटर्न भरलं जातं त्याच्याच पॅनवर कापायला सांगा, आईंच्या नको. आणि जहाजावरच्या खात्याला फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड लावू नका. ते रक्कम अडकवून ठेवतात आणि उतरल्यावरही काही दिवस सुटत नाही.

वेळेचा हिशेबही बदला. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलं की टॅक्सीनं बंदर दहा-पंधरा मिनिटांवर, आंघोळ करायलाही वेळ उरतो. सिंगापूरला जहाज सुटण्याच्याच दिवशी पोहोचणारं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. मुंबई विमानतळापर्यंतही रस्त्यानं जाणार असाल तर महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळं वेळेचा भरवसा नाही, रेल्वे बरी. सिंगापूर आपल्यापुढं अडीच तास. फुकेत सिंगापूरच्या एक तास मागं, आणि किनाऱ्यावर मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो. जहाजाची वेळ कुठली चालू आहे ते उतरताना विचारून हातातलं साधं घड्याळ त्यावर लावा. परतीची शेवटची होडी चुकली तर पुढच्या बंदराचा खर्च तुमचा.

होडी म्हटलं ते मुद्दाम. फुकेतला पातोंग किनाऱ्यासमोर मोठी जहाजं नांगर टाकून उभी राहतात आणि छोट्या बोटीनं नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, उतरलं की जॉर्जटाउन शहर समोर. निवड असेल तर आईंसाठी पेनांगची फेरी घ्या, एवढं माझं ठाम मत. मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदराहून क्वालालंपूर करायला जाऊ नका, अर्धा दिवस बसमध्ये जातो.

जेवणात कॉर्डेलिया जिंकते, वाद नाही. रॉयलवर भारतीय शाकाहारी मिळतं, जैन पाहिजे तर बुकिंगबरोबरच लेखी कळवा, निदान दोन महिने आधी. चहा म्हणजे कोमट पाण्यात पिशवी, मनाची तयारी ठेवा. घरून तयार पदार्थ नेऊ नका, बंद पाकिटातलंच. आणि कांदा-लसूण मसाला नेणार असाल तर त्यात खसखस आहे का विचारा. सिंगापुरात खसखस प्रतिबंधित मालात धरतात. चघळायचा तंबाखू, गुटखा, खैनी तर अजिबात नको, खिशातली डबीसुद्धा घरीच काढून ठेवा. च्युइंगगमही नको. जहाजावर इस्त्री आणि किटली काढून घेतात. समुद्रात मोबाइल विमान मोडवरच ठेवा, जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर बिल बघून मळमळेल. खऱ्या मळमळीसाठी अॅव्होमिन नेतात बरेच जण, पण आईंना देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी बहुतेक शांत असतं. व्हिएतनामकडची फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हलते.

तर दुप्पट भाडं योग्य का? मुलांसाठी हो. आईंसाठी मला शंका आहे, त्यांना गोव्याच्या जहाजावरची गाणी आणि वरण-भात जास्त आवडेल. पण हा तुमच्या घरचा विषय. तुम्ही आज एवढंच करा: आईंचा पासपोर्ट कोणत्या साली काढलाय आणि त्यात आडनावाचा रकाना भरलेला आहे का ते बघून इथं लिहा. कोरा असेल तर बुकिंगवाल्याला लगेच फोन करून थांबवा.