चागोसचं सार्वभौमत्व ‘दिलं’, ‘परत दिलं’ की ‘मान्य केलं’?

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर ब्रिटन आणि मॉरिशस दोघंही हक्क सांगत आलेत. त्यावरून धरमपेठेतल्या एका वाचकानं विचारलंय, “चागोस बेटांच्या बातम्यांत कुठे ‘सार्वभौमत्व’, कुठे ‘मालकी’, आणि नागपूरच्या हिंदी पेपरात ‘संप्रभुता’ दिसतं. तिन्ही एकच का? आणि ‘हस्तांतरित केलं’ हे बरोबर आहे का?”

‘संप्रभुता’ हिंदीचा शब्द, तो तिथेच राहू द्या. आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘सार्वभौम’ आहे. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम. दोन्ही पदांत वृद्धी होते, म्हणजे पहिला स्वर वाढतो, म्हणून ‘सार्व’ आणि ‘भौम’. ‘सर्वभौम’ लिहिणं चूक.

‘मालकी’ मात्र त्याच्या जागी चालणार नाही. सिव्हिल लाइन्समधला बंगला कोणाच्याही मालकीचा असो, तिथलं सार्वभौमत्व भारताचंच. सार्वभौमत्व एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, हेही होतं, आणि विदर्भाला ते नवं नाही. १९०२ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचंच राहिलं. कारभार पुढच्याच वर्षी मध्यप्रांतात, म्हणजे नागपूरकडे आला. २२ मे २०२५ च्या चागोस करारातही तसंच आहे. सार्वभौम मॉरिशस, पण त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देऊन.

आता क्रियापद. खरं राजकारण तिथेच आहे. १९६५ साली, मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटननं ही बेटं आपल्यापासून तोडली, असं मॉरिशस म्हणतं. म्हणून त्यांच्या लेखी ती ‘परत मिळाली’. भारतानंही कराराचं स्वागत केलं. ब्रिटनचा हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्ष याला शरणागती म्हणतो. त्यांचं म्हणणं मराठीत आणायचं तर ‘देऊन टाकली’ हेच हवं. त्या ‘टाकली’त सगळा राग येतो, नुसत्या ‘दिली’त येत नाही. तेव्हा ज्याचं म्हणणं छापताय, त्याचंच क्रियापद ठेवा.

बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘परत’ही नको, ‘टाकली’ही नको. ‘हस्तांतरण’ अशुद्ध नाही, पण त्यातही कालपर्यंतचा हक्क ब्रिटनचा होता हे आपण गृहीत धरतो, आणि वाद त्यावरच होता. करारात तर दिएगो गार्सियासह संपूर्ण चागोसवर मॉरिशस सार्वभौम आहे, एवढंच सरळ विधान आहे. मी लिहीन, ‘चागोसवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर ब्रिटननं सही केली.’

याच बातम्यांतला आणखी एक शब्द मला खुपतो. १९६८ ते १९७३ दरम्यान चागोसच्या रहिवाशांचं ‘स्थलांतर झालं’, असं लिहितात. स्थलांतर नांदगावचा मजूर कामासाठी नागपूरला येतो तेव्हा होतं. यांना ब्रिटननं बोटीत घालून घालवून दिलं. ‘हुसकावलं’ लिहा.