वाट चुकून आलेल्या दुर्मीळ पक्ष्याचा फोटो कसा काढावा?

तुम्ही विचारलंय: रोजच्या फिरण्यातल्या पाणथळीवर एक स्थलांतरित पक्षी दिसतोय आणि त्याच्या नेहमीच्या मुलखाच्या नकाशात ही जागा कुठेच येत नाही. कॅमेरा आहे, पण लेन्स ३०० मिमीची. पक्षी बिचकणार नाही आणि जाणकार नोंद मान्य करतील, असा फोटो कसा काढावा?

पहिलं काम म्हणजे पक्षी जिथून दिसला तिथूनच, आहे त्या स्थितीत, लगेच काही फोटो घ्या. लांबून येईल, धूसर येईल, मध्ये गवताची पाती येतील, तरी चालेल. जवळ जाण्याचा विचार त्यानंतर. भरकटलेल्या पक्ष्याचा फोटो आधी पुरावा असतो आणि मग देखणं चित्र. पुराव्यात ओळख पटवणारा अवयव दिसावा लागतो, डोळ्यातली चमक नसली तरी अडत नाही. याबद्दल मी फार आग्रही आहे, कारण डोळ्यात भरणारं पोर्ट्रेट असूनही प्रजाती ठरवता न आलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत, आणि अंधुक दिसणाऱ्या एका फोटोवर मान्य झालेल्याही पाहिल्या आहेत.

एका गरुडाचं उदाहरण देतो. स्टेलरचा समुद्री गरुड रशियाच्या अतिपूर्वेला, कामचाटका आणि ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यांवर वीण करतो आणि हिवाळ्यात जपानच्या होक्काइदोपर्यंत उतरतो. असा एक गरुड ऑगस्ट २०२० मध्ये अलास्काच्या अंतर्भागात दिसला. मार्च २०२१ मध्ये टेक्सासमध्ये त्याच जातीचा एक गरुड दिसला. मग पूर्व कॅनडा, त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या ईशान्येकडची मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही राज्यं, २०२२ पासून न्यूफाउंडलंड. पाठीवर ट्रान्समीटर नसलेला हा पक्षी एकच, हे कशावरून ठरवलं? फोटोंमध्ये दिसणाऱ्या पंखांवरच्या पांढऱ्या खुणांच्या मांडणीवरून. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले ते फोटो होते. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत राहणाऱ्या ग्रेट ब्लॅक हॉक या शिकारी पक्ष्याच्या बाबतीतही तेच झालं. एप्रिल २०१८ मध्ये टेक्सासमध्ये दिसलेला आणि ऑगस्टमध्ये पार उत्तरेला मेनमध्ये दिसलेला पक्षी एकच, हे पंखाखालच्या पिसांची नक्षी जुळवून सांगता आलं.

तुमच्या फोटोत उद्या कोण काय शोधेल, हे तुम्हाला आज माहीत नसतं. म्हणून पक्षी सगळ्या बाजूंनी टिपा. चोच आणि डोकं अगदी बाजूने घ्या. समोरून घेतलेल्या फोटोत चोचीची लांबी कळत नाही. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या कुठवर पोहोचतात ते दिसू द्या. तुतवार (पाणथळीतले छोटे पक्षी), पर्णवटवटे (पानांत वावरणारे चिमुकले पक्षी) आणि लांबून सारख्याच दिसणाऱ्या अनेक जोड्यांमध्ये याला मोठं महत्त्व असतं. पायांचा रंग, बोटं, शेपटीची खालची बाजूही घ्या. सगळ्यात जास्त माहिती मात्र उघड्या पंखात असते. पंखावरची पट्टी, शेपटीलगतच्या पाठीचा रंग आणि काख बसलेल्या पक्ष्यात दिसत नाहीत. चिखलात चरणाऱ्या गोल्डन प्लोव्हरचंच घ्या. युरोपियन गोल्डन प्लोव्हरची काख पांढरी, तर पॅसिफिक आणि अमेरिकन गोल्डन प्लोव्हरची करडी. ग्रे प्लोव्हर असेल तर काख चक्क काळी. चिखलात बसलेल्या त्या पक्ष्याचे शंभर फोटो काढले तरी यातलं काही कळणार नाही, आणि पंख वर असतानाचा एक बरा फोटो मिळाला की निम्मा वाद मिटतो.

पण म्हणून पक्ष्याला उडवायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खडा टाकायचा नाही. त्याची गरजच पडत नाही. खाऊन झालं की पक्षी पिसं साफ करायला बसतो. त्यात तो एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणतो, मध्येच दोन्ही पंख वर उचलतो. अंघोळ केली तर पंख झटकणार हे नक्की. पिसं साफ करायला लागला की कॅमेरा डोळ्याला लावून थांबा आणि बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) तयार ठेवा. मोठे पक्षी झेप घेण्याआधी बहुतेक वेळा शिटतात, अंग पुढे झुकवतात. ही खूण ओळखता आली की उड्डाणाचा क्षण सुटत नाही. शेजारी ओळखीचा पक्षी आला तर दोघांना एका फ्रेममध्ये घ्या. आकाराचा अंदाज देणारी यापेक्षा चांगली मोजपट्टी नाही. फक्त दोघे तुमच्यापासून साधारण सारख्या अंतरावर असावेत.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. बसलेल्या पक्ष्यासाठी १/८०० सेकंदाच्या आसपास आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद शटर स्पीड ठेवा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढतोय म्हणून घाबरू नका, दाणेदार फोटोत खुणा दिसतात, हललेल्या फोटोत दिसत नाहीत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी असेल तर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड द्या, नाहीतर नुसती काळी आकृती हाती येईल. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या पक्ष्याला उलट थोडा कमी द्या. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधीच तपासा. ३०० मिमी लेन्स या कामाला पुरते, क्रॉप करायला कसलीही लाज नाही.

उजेडाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे सुंदर फोटोची गरज आणि पुराव्याची गरज वेगवेगळ्या दिशेला जातात. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हात करडा पक्षी तपकिरी दिसतो, पांढरं पोट पिवळसर दिसतं आणि पायांच्या रंगावर तर विसंबताच येत नाही. तो फोटो जरूर काढा, पण थोडं ढगाळ असताना किंवा ऊन साधं झाल्यावर आणखी काही काढून ठेवा. भर दुपारी पाण्यावर आणि चिखलावर हवा थरथरते. तेव्हा लांबून काढलेला कोणताही फोटो मऊ येतो, लेन्स कितीही महाग असो. अशा वेळी फोटोचा नाद सोडून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पर्णवटवट्यांच्या काही जाती तर फोटोपेक्षा आवाजावरूनच खात्रीने ओळखता येतात.

फोटो साफ करणारी, धार वाढवणारी नवी सॉफ्टवेअर आता सगळ्यांकडे आहेत. माझा सल्ला असा की नोंदीसाठी ती अजिबात वापरू नका. ती पिसांचे बारकावे अंदाजाने भरतात, आणि ओळख तर त्याच बारकाव्यांवर ठरायची असते. उजेड आणि क्रॉप एवढंच करा, मूळ फाइल जपून ठेवा.

आता पक्ष्याबद्दल. तुमच्यासमोर आहे तो बहुधा दमलेला, भुकेला जीव आहे. लांब उड्डाणात साठवलेली चरबी जळते, शिवाय स्नायूंमधली आणि पचनसंस्थेतली प्रथिनंही खर्ची पडतात. उतरल्यानंतरचे पहिले काही दिवस त्याला खाणं आणि विश्रांती या दोनच गोष्टींची गरज असते. तुमच्यामुळे तो उडाला की ताकद वाया जाते, वर खाण्याचा वेळही जातो. त्यातून हवामान त्याच्या सवयीचं असेलच असं नाही. वर सांगितलेला तो ग्रेट ब्लॅक हॉक मेनच्या थंडीत पोर्टलंडच्या एका बागेत राहिला. जानेवारी २०१९ मध्ये तो हिमदंशाने पाय निकामी झालेल्या अवस्थेत सापडला आणि वाचू शकला नाही.

म्हणून सरळ त्याच्या दिशेने चालत जाऊ नका. तिरकं चाला, मध्ये मध्ये थांबा, बसा, नजर सतत रोखून ठेवू नका. पक्ष्याने खाणं थांबवून मान उंच केली की तुम्ही जास्तच जवळ गेला आहात, तिथून दोन पावलं मागे या. त्याच्या खाण्याच्या पट्ट्याच्या एका टोकाला आधीच जाऊन बसलात तर पुष्कळदा तोच चरत चरत तुमच्याकडे येतो. सगळ्यात चांगले फोटो असेच मिळतात, शिवाय तुम्ही खाली बसलेले असल्याने कोनही त्याच्या डोळ्याच्या पातळीचा मिळतो. गाडी आत जात असेल तर गाडीतून उतरूच नका. फोनवर आवाज वाजवून बोलावणं, ड्रोन, रात्री झोपायच्या जागी फ्लॅश यातलं काहीही नको.

पाय नीट दिसणारा एक फोटो हवाच, त्याचं आणखी एक कारण आहे. दूरदेशीचा प्रत्येक पक्षी स्वतःच्या पंखांनी आलेला नसतो. २०१८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आलेल्या मँडरिन बदकाला पाहायला लोक लोटले, पण त्याच्या पायात पट्टी होती. ते कुठून तरी पाळीव अवस्थेतून सुटलेलं होतं, असंच मानलं गेलं. पायातली कडी, पंखांची झिजलेली किंवा तुटलेली टोकं, माणसाला अजिबात न घाबरणं, हे सगळं प्रामाणिकपणे टिपा आणि लिहा, नोंद त्यामुळे बाद झाली तरी. उलट संशोधकांनी लावलेली कडी असेल तर तिचा रंग आणि अक्षरं वाचता येईल असा फोटो म्हणजे सोनंच, त्या पक्ष्याचा जन्म कुठला हेही त्यावरून कळू शकतं.

नोंद मान्य होण्याचा प्रश्न लोकांना उगाच कटकटीचा वाटतो. ब्रिटनमध्ये हेस्टिंग्जच्या परिसरातून १८९२ ते १९३० या काळात दुर्मीळ पक्ष्यांच्या शेकडो नोंदी आल्या होत्या. तेव्हा पुरावा म्हणजे मारलेला पक्षी. बाहेरून आणलेले मृत पक्षी तिथेच मारले असं सांगून खपवल्याचा संशय बळावला, आकडेशास्त्राच्या आधारे तपासणी झाली आणि १९६२ मध्ये त्या नोंदी रद्द ठरल्या; जाती-उपजाती मिळून २९ नावं देशाच्या यादीतून काढावी लागली. आज पुराव्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. त्याची जागा फोटोने घेतली आहे, म्हणून फोटोकडून तेवढ्याच कठोर अपेक्षा ठेवल्या जातात. ईबर्डवर (पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर) नोंद टाकलीत तर ती आधी अडकेल आणि परीक्षक प्रश्न विचारेल. राग मानू नका. तारीख, वेळ, अंतर, उजेड, पक्षी काय करत होता, आणि जवळची कोणती जात कोणत्या खुणेवरून नाकारली, हे फोटो पाहण्याआधी आठवणीतून लिहिलेलं टिपण सोबत द्या. त्या टिपणाचं वजन फोटोइतकंच असतं.

जागा जाहीर करायची का? इथे माझं मत स्पष्ट आहे: आधी दोन-तीन विश्वासू जाणकारांना, आणि जागा गर्दी सोसू शकते असं त्यांनाही वाटलं तरच सगळ्यांना. जानेवारी २०२१ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये १८९० नंतर पहिल्यांदाच हिमघुबड उतरलं, बातमी पसरली आणि बघ्यांची रीघ लागली. अशी ठिकाणं जाहीर करावीत का, यावर तेव्हा बराच वाद झाला. मोठ्या बागेत कुंपण आणि रखवालदार असतात. छोट्या पाणथळीवर ते नसतात, आणि तिथला चिखल तुडवला गेला की पक्ष्याचं खाणंच संपतं. सोशल मीडियावर फोटो टाकताना लोकेशन काढून टाका आणि ओळखू येईल अशी पार्श्वभूमी क्रॉप करा. नोंदीत मात्र अचूक जागा द्या.

तो इथे का आला, हेही तुम्ही पुढे विचाराल म्हणून सांगतो. भरकटणाऱ्यांत पहिल्याच स्थलांतराला निघालेली पिल्लं जास्त असतात. अनेक जातींत ती आईबापांशिवाय, उपजत दिशेवर उडतात आणि ती दिशा चुकीची निघू शकते. वादळंही नेतात. २०२३ च्या इडालिया चक्रीवादळानंतर फ्लेमिंगो ओहायो आणि विस्कॉन्सिनपर्यंत पोहोचले होते. पण वाट चुकणं दर वेळी वायाच जातं असं नाही. आफ्रिकेतला गायबगळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि आज तो दोन्ही अमेरिका खंडांत सर्रास दिसतो. सायबेरियातला रिचर्ड्स पिपिट हा छोटा पक्षी पश्चिम युरोपात तुरळक पाहुणा समजला जायचा. आता काही पक्षी दर हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये परत येतात, हे अभ्यासातून दाखवलं गेलं आहे. असे बदल सुरुवातीला कुणाच्या तरी एकट्यादुकट्या नोंदीतच दिसतात.

तेव्हा पहिल्या चांगल्या फोटोवर थांबू नका. पक्षी असेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी पंख आणि शेपटीचे फोटो घ्या, म्हणजे पिसं कशी बदलतात ते कळेल आणि पुढच्या वर्षी असा पक्षी आला तर तोच का, हे ताडून पाहता येईल. तो दिसेनासा झाल्यावरही दोन-तीन वेळा जाऊन बघा आणि शेवटचा दिसला ती तारीख नोंदीत घाला. बहुतेक जण नेमकं हेच राहू देतात. फोटो काढलेत की इथेच टाका, जागेचं नाव न लिहिता; बाजूने घेतलेला, उघड्या पंखांचा आणि पायांचा असे तीन असले तरी ओळख पटवायला मी बसेन.