चंचल धाकटा आणि 'वेंधळी' थोरली

अलीकडे माझ्याकडे येणारे पालक मुलाच्या लक्षणांआधी आकडे सांगतात. ''हल्ली ज्याला त्याला एडीएचडी निघतोय, मग हे निदान खरं कसं मानायचं?'' एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार. या प्रश्नामागे दोन भीती असतात: मुलाला उगीच शिक्का बसेल ही एक, आणि दुर्लक्ष झाले तर त्याचे नुकसान होईल ही दुसरी. या दोन्ही भीती घेऊन आलेल्या एका आईची हकिकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, इथे सांगते.

तिचा साडेपाच वर्षांचा मुलगा पहिलीत होता. वर्गशिक्षिकांनी डायरीत शेरा लिहिला होता, 'जागेवर बसत नाही, सूचना पूर्ण ऐकत नाही, तपासणी करून घ्यावी.' आईने अमेरिकेतल्या सरकारी पालक-सर्वेक्षणाचे आकडे वाचले होते: ४ ते १७ वयोगटातील ज्या मुलांना हे निदान कधी ना कधी झाले होते, त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ७.८ टक्के होते आणि २०११ मध्ये ११ टक्के झाले. आकडे खरे आहेत. पण निदाने वाढणे आणि विकार वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण निरनिराळ्या देशांतील पाहण्यांना एकच काटेकोर कसोटी लावून २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात तीन दशकांत विकाराचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. वाढली ती ओळख, विशेषतः मुलींमधली; शिवाय या आकड्यांनंतर, २०१३ मध्ये, डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार-निदानाच्या नियमावलीने लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर नेली. काही निदाने घाईने होतात, हेही मी नाकारणार नाही.

मी आईला आधी मुलाची जन्मतारीख विचारली. तो वर्गात सर्वांत लहान होता. शेजारच्या बाकावरचा मुलगा त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठा. या वयात अकरा महिने फार असतात. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांना हे निदान सप्टेंबरमधील मुलांपेक्षा ३४ टक्के अधिक वेळा झाल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात आढळले. शिवाय घरी, आजीकडे किंवा मैदानावर कोणाचीच तक्रार नव्हती. निदानासाठी मात्र अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातील नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने दिसावी लागतात, आणि त्यांतली अनेक दोन किंवा अधिक ठिकाणी. (खेळात तो तासभर रमतो यावरून मी काही ठरवले नाही, कारण एडीएचडी असलेली मुलेही आवडीच्या गोष्टीत रमतात.) तो रात्री तोंड उघडे ठेवून घोरतो असे कळल्यावर मी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले, कारण मोडलेल्या झोपेमुळेही मूल असेच चुळबुळते.

हे बोलणे चालू असताना कोपऱ्यात त्याची अकरा वर्षांची बहीण गृहपाठ करत होती. निघताना मी तिची वही पाहिली. तारीख आणि पहिली ओळ सुंदर अक्षरात होती. तिसरी ओळ 'पर्या'पाशी थांबली होती, 'वरण' लिहायचे राहिले होते आणि समासात बारीक चौकोनांची रांग लागली होती. अर्ध्या तासात अडीच ओळी! ''तिचा काही त्रास नाही हो मॅडम, फक्त वेंधळी आहे,'' आई म्हणाली.

पुढच्या भेटीला मी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके मागवली. दरवर्षी शिक्षक वेगळे होते, शेरा मात्र तोच: 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' मग पालकांनी आणि शिक्षकांनी प्रश्नावल्या भरल्या. दृष्टी, श्रवण, अध्ययन-अक्षमता आणि चिंता यांची तपासणी झाली आणि शेवटी बालमनोविकारतज्ज्ञांनी अवधानाचा अभाव प्रमुख असलेल्या एडीएचडीचे निदान केले. जी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आई बराच वेळ गप्प राहिली. ''मी तिला आळशी म्हणत आले,'' एवढेच ती बोलली. औषधाचा निर्णय आई-वडील डॉक्टरांशी बोलून घेणार आहेत. शाळेने तिला पहिल्या बाकावर बसवून गृहपाठ छोट्या तुकड्यांत द्यायचे मान्य केले आहे. मुलाची फेरतपासणी सहा महिन्यांनी ठेवली आहे. आईला पहिल्या आठवड्यासाठी मी एकच काम दिले: घरात 'वेंधळी' हा शब्द बंद करायचा.