छातीतील महाशिरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

छातीच्या वरच्या मोठ्या शिरेविषयी, म्हणजे ऊर्ध्व महाशिरेविषयी, तेच ते प्रश्न वारंवार येत असल्याने निवडक उत्तरे येथे देत आहे.

एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये "उजवी कड महाशिरेची" असे लिहिले आहे. हा आजार आहे का? (सिडको)

नाही, छातीच्या मधल्या सावलीची वरची उजवी कड सर्वांचीच या शिरेमुळे दिसते.

सीटी स्कॅनमध्ये शिरेत काळपट पट्टा दिसला. ओळखीच्यांनी गाठ म्हणून सांगितले. (पंचवटी)

ओळखीच्यांनी फिल्म वाचू नये. हातातून दिलेले कॉन्ट्रास्ट (शिरा ठळक दिसाव्यात म्हणून टोचलेले औषध) पांढरेशुभ्र दिसते, दुसऱ्या हाताकडून येणारे साधे रक्त त्यात मिसळताना काळपट पट्टे उमटतात आणि नंतरच्या चित्रांत ते नाहीसे होतात. रक्ताची गाठ मात्र तशीच राहते. रेडिओलॉजिस्टकडून खात्री करून घ्या.

वडिलांचा चेहरा रोज सकाळी सुजतो, दुपारी उतरतो. महिनाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू आहेत. (निफाड)

हा महिना वाया गेला याचे मला फार वाईट वाटते. सुमारे ७ सेंटिमीटर लांबीची ही शीर डोके, मान आणि दोन्ही हातांचे रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, पोहोचवते. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी आणि भोवती लसिका ग्रंथी असल्याने फुफ्फुसाचा कर्करोग किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) वाढला की ती सहज दाबली जाते. डायलिसिसच्या नळीमुळे किंवा पेसमेकरच्या तारेमुळेही ती आतून बुजू शकते. मग रक्त तुंबून चेहरा सुजतो, ते आडवाटा शोधते आणि छातीवर निळ्या शिरा उमटतात. वडिलांच्या सदऱ्याचे गळ्याचे बटण लागेनासे झाले आहे का, चप्पल घालायला वाकल्यावर चेहरा काळवंडतो का, हे आजच पाहा. "संपूर्ण शरीर तपासणी"च्या सवलतीच्या पॅकेजात पैसे घालू नका. त्यात कॉन्ट्रास्टविना सीटी असेल, तर शीर आतून मोकळी आहे की नाही हे नीट कळत नाही. मूत्रपिंडाची तपासणी करून कॉन्ट्रास्टसह सीटी करावा का, हे फिजिशियनला विचारा. बायोप्सीपूर्वी (गाठीचा तुकडा काढून तपासण्यापूर्वी) कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नका, कारण त्याने लिम्फोमाचे निदान झाकले जाऊ शकते. श्वास घेताना घरघर, गुंगी किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

डावीकडेही महाशिरा आहे, असे रिपोर्ट सांगतो. (सिन्नर)

गर्भावस्थेतील शीर विरली नाही, एवढेच. बहुतेकांना उपचार लागत नाहीत. मात्र पुढे पेसमेकर किंवा डायलिसिसची नळी बसवायची वेळ आली, तर हा रिपोर्ट आणि सीडी आधीच डॉक्टरांच्या हाती द्या.