जुनी थार दुरुस्त करावी की कर्ज काढून नवी रॉक्स घ्यावी?

चिपळूणच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. ते लोटे येथील औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात, त्यांच्या पत्नी शिक्षिका आहेत आणि दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न महिना १ लाख ४० हजार रुपये आहे. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत आणि आईवडील त्यांच्याजवळच राहतात. घरकर्जाचा हप्ता ३१ हजार आणि म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक (एसआयपी) १५ हजार रुपयांची असून अडीअडचणीसाठी बँकेत अडीच लाख आहेत. त्यांच्याकडे २०१४ सालची महिंद्रा थार सीआरडीई ही डिझेल जीप आहे, ती त्यांनी २०१८ मध्ये जुनी म्हणून घेतली होती. गेल्या तीन वर्षांत तिच्यावर ३ लाख ७० हजार रुपये खर्च झाले आणि आता गॅरेजवाल्यांनी आणखी २ लाख ८० हजारांचा अंदाज दिला आहे. शोरूमने जुन्या गाडीचे सव्वाचार लाख देऊ केले आहेत. त्यात पाऊण लाख घालून, ९.२५ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी १५ लाखांचे कर्ज काढून, सुमारे २० लाखांची, महिंद्राचीच थार रॉक्स घ्यावी आणि दोन वर्षे एसआयपी थांबवावी, असा त्यांचा विचार आहे. मित्र मात्र ‘मारुतीची जिम्नी घ्या, ती बिघडत नाही’ असे सांगतात. “वडिलांच्या महिंद्रा एमएम ५४० जीपपासून आमच्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी उभी राहिलेली नाही, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढण्याआधी आईवडिलांना बाहेर काढले ते याच गाडीने,” असे त्यांनी लिहिले आहे.

आपल्या पत्रातले हे शेवटचे वाक्य मी हिशेबाबाहेर ठेवणार नाही. ज्या गाडीने घरच्या माणसांना पुरातून वाचवले, तिच्याबद्दल वाटणारी ओढ खरी आहे, आणि माणूस पैसा मिळवतो तो अशा गोष्टी सांभाळण्यासाठीही. प्रश्न एवढाच आहे की ही ओढ एका विशिष्ट जुन्या गाडीबद्दलची आहे की बोनेटवरच्या नावाबद्दलची. पुरात उपयोगी पडली ती दारातली गाडी. त्या नावाची नवी गाडी कर्जाने आणल्याने ते ऋण फिटत नाही, आणि नवीन रॉक्समध्ये पाच जणांची सोय आहे, तर आपल्या घरात माणसे सहा आहेत. जुन्या थारच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर ती कशीबशी मावतात. म्हणजे ज्या प्रसंगाची आठवण ठेवून आपण रॉक्स घेऊ पाहता, त्याच प्रसंगी ती एका माणसाने कमी पडेल. जिम्नी तर चारच जणांची आहे.

आता खर्चाकडे वळू. आपण पाठवलेली बिले मी एकेक करून पाहिली आणि त्यांचे दोन भाग केले. पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), जादा दिवे आणि मूळ मापापेक्षा मोठे, चिखलात चालणारे मड टायर यांवर १ लाख ६० हजार गेले आहेत. उरलेले २ लाख १० हजार हा खऱ्या दुरुस्तीचा खर्च आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ७० हजार. दुसऱ्या भागातली बिले तारखांनुसार लावली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मोठे टायर बसवल्यानंतरच्या दीड वर्षात पुढची व्हील बेअरिंग, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि क्लच प्लेट या तिन्हींचे काम निघाले आहे. जड आणि रुंद टायरचा ताण याच भागांवर येतो, तेव्हा या खर्चाचा बराचसा वाटा गाडीच्या वयापेक्षा आपल्या हौसेकडे जातो, असे मला वाटते.

हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. डोंगरदऱ्यांत, नदीपात्रांत गाडी नेणाऱ्या सगळ्याच मंडळींमध्ये ही सवय दिसते. आपल्या कंपनीच्या गाडीत पावसात कापडी छतातून पाणी ठिबकले, सकाळी पहिला गिअर जड पडला, तर तो तिचा स्वभाव ठरतो, आणि तेच दुसऱ्या कंपनीच्या गाडीत घडले की ‘ही गाडी भरवशाची नाही’ असा निकाल लागतो. आपल्या जिम्नीवाल्या मित्रांचे म्हणणेही याच जातीचे आहे. मारुतीच्याच जिप्सीने लष्करात अनेक वर्षे नाव कमावले, कारण तिची बांधणी साधी होती आणि तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी होते. जिम्नीतही स्वतंत्र सांगाडा (चासी) आणि पुढेमागे दोन चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल ही तीच परंपरा आहे. परंतु एका मॉडेलचा लौकिक म्हणजे हाती येणाऱ्या प्रत्येक गाडीची हमी नव्हे, आणि ज्या गाडीत आपले कुटुंब मावत नाही तिचा भरवसा आपल्या काय उपयोगाचा?

रॉक्सच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २४ हजार ३०० रुपये येईल. सात वर्षांत आपण बँकेला सुमारे २० लाख ४० हजार द्याल, त्यांतले ५ लाख ४० हजार निव्वळ व्याजाचे. दोन्ही हप्ते मिळून ५५ हजारांच्या पुढे जातात, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे जवळजवळ ४० टक्के, आणि तेही घरात एक पैसा शिल्लक टाकण्याआधी. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाख किमतीच्या डिझेल गाडीवर १४ टक्के रस्ताकर एकरकमी भरावा लागतो. शोरूमची किंमत साडेसोळा लाख धरली, तर ही रक्कम २ लाख ३० हजारांच्या आसपास जाते, आणि गाडी विकताना ती कोणी वेगळी मोजून देत नाही.

पाच वर्षांनी रॉक्सला ११ लाख मिळतील असे गृहीत धरू. माझ्या मते हा अंदाज उदार आहे. तरीही घसारा, म्हणजे किमतीतली घट, वर्षाला १ लाख ८० हजार होतो. पहिल्या पाच वर्षांतले व्याज वर्षाला सुमारे ९८ हजार पडते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. विमा आणि सर्व्हिसिंग सोडूनच हा खर्च वर्षाला २ लाख ७८ हजारांवर जातो. जुनी गाडी ठेवून पूर्ण २ लाख ८० हजारांची दुरुस्ती केली, तर पाच वर्षांत विभागून ते ५६ हजार होतात. त्यात पुढच्या किरकोळ दुरुस्तीचे ७० हजार, किमतीतली घट ३५ हजार आणि सव्वाचार लाख गाडीत अडकून राहिल्याने बुडणारे व्याज ३० हजार धरले, तरी बेरीज १ लाख ९१ हजार येते. वर्षाला ८५ हजारांहून अधिक फरक पडतो, आणि जुन्या गाडीचा किरकोळ खर्च दुप्पट झाला तरी पारडे तिच्याच बाजूला राहते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एसआयपी थांबवण्याच्या कल्पनेची. दरमहा १५ हजार याप्रमाणे दोन वर्षांत ३ लाख ६० हजारांची गुंतवणूक होणार नाही, आणि ही दोन वर्षे संपतील तेव्हाच मुलगी बारावी होऊन महाविद्यालयाच्या दारात उभी असेल. त्या वेळी शुल्कासाठी वैयक्तिक कर्ज काढावे लागले, तर त्याचे व्याज गाडीच्या कर्जापेक्षा चढे असेल. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे : रॉक्स आत्ता घेऊ नये, आणि एसआयपीला हात लावू नये.

मात्र २ लाख ८० हजारांचा अंदाजही एकदम मान्य करू नये. आधी गाडी लिफ्टवर चढवून सांगाड्याच्या लांब दांड्या ठोकून पाहाव्यात. कोकणच्या हवेत आणि पावसात तळाचा पत्रा गंजतोच, आणि पत्रा बदलता येतो. पण सांगाड्यालाच भोके पडली असतील, तर गाडीवर आणखी पैसा घालण्यात अर्थ नाही. सांगाडा शाबूत असेल, तर ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन आधी करून घ्यावे, आणि टायर मूळ मापाचे बसवावेत. इंजिन उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे लेखी घ्यावेत. अंदाजपत्रकात इंजिनासाठी १ लाख १० हजार धरले आहेत आणि आपल्या पत्रात धुराची किंवा ऑइल कमी होण्याची तक्रार कुठेही नाही, तेव्हा हे काम कदाचित पुढे ढकलता येईल. कंपनीची बस असल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. परशुराम घाट ओलांडून रोजच्या ये-जा करण्यासाठी ती वापरली, तर वेळेवर पोहोचण्याची चिंता मिटेल आणि गाडीची झीजही कमी होईल. यापुढे हौसेच्या सामानासाठी वर्षाला २० हजारांची मर्यादा ठरवून ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. दुरुस्तीचे पैसे बोनसमधून टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि अडीच लाखांची राखीव रक्कम मोडू नये.

विम्याबद्दल आपण काहीच विचारलेले नाही, पण विंच, स्नॉर्केल आणि बंपर यांची माहिती विमा कंपनीला लेखी दिली नसेल, तर अपघाताच्या वेळी दावा अडू शकतो. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, त्यामुळे कोणते सामान कायम ठेवता येईल हे आरटीओकडे विचारून घ्यावे. पाण्यात गाडी घालून इंजिन बंद पडल्याचे नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही, आणि दहा वर्षांवरच्या गाडीचे धातूचे भाग बदलताना कंपनी निम्मा घसारा कापते. वाहनांच्या शर्यती आणि क्षमता-चाचण्यांमधला वापरही पॉलिसीच्या बाहेर असतो, तेव्हा अशा स्पर्धेत नाव देण्यापूर्वी आयोजकांनी वेगळा विमा काढला आहे का, हे पाहावे.

सांगाडा गेला असल्याचे निघाले आणि गाडी विकण्याचीच वेळ आली, तर शोरूमच्या सव्वाचार लाखांवर लगेच सही करू नये. ही जुनी बांधणी २०२० मध्ये बंद झाली आणि तिचे चाहते आजही ती शोधत असतात, त्यामुळे दोष न लपवता थेट वापरणाऱ्या ग्राहकाला विकल्यास बरी किंमत येऊ शकते. तिथे इतरांचे ब्रँडप्रेम आपल्या खिशात पैसे घालते. विंच आणि दिवे आधी काढून वेगळे विकावेत, कारण ते गाडीवर असताना त्यांची पूर्ण किंमत कोणी देत नाही. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत विक्रीचे कागद आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० यांच्या प्रती जपून ठेवाव्यात, कारण तोवर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालक म्हणून आपल्यावरच येते. सांगाडा ठीक निघाला, तर मात्र २०२९ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी नूतनीकरणाची तपासणी आणि पर्यावरण कर समोर येतील. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोवर नेमका कळलेला असेल, आणि किमतीची निम्मी रक्कम साठली असेल तर नव्या गाडीचा विचार तेव्हा करावा.